प्रकरण सतरावं : वरच्या पंखाचं विमान

ताई कवळी घेऊन माहेरी पोचली तेव्हा अप्पा चपला घालून दारातच उभे होते.

"बरं झालं, वेळेवर आलीस," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "गाडीत एक जागा आहे. सूनबाईचं विमान घ्यायला चाललोय."

ताईनं पिशवीतून डबी काढली. दात बनवणं हा तिचा धंदा. दोन खोल्यांची तिची दंतशाळा होती आणि शहरातले सहा डॉक्टर तिच्याकडे मापं पाठवायचे. ही कवळी मात्र तिनं दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नव्हती. अप्पांचा मनापासून हसतानाचा एकच फोटो घरात होता, मैदानावर विमान हातात धरलेला. तो भिंगाखाली धरून तिनं समोरचा दात तसाच किंचित तिरपा बसवला होता. फोटोच्या कडेला विमानाचं शेपूट धरलेला एक कोपर दिसायचा. तो तिचा. बाकीची ती फोटोत मावली नव्हती.

"आधी लावून तर बघा, अप्पा. अकरा दिवस बसलेय यावर."

"ठेव टेबलावर. दात काही पळून जात नाहीत. दुकान मात्र एकला बंद होतं."

आतून केस बांधत धाकट्या भावाची बायको आली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी ताईच्या मनात ती अजून 'नवी'च होती.

"ताई, तुम्हीपण चला ना! मला तर नुसती धाकधूक होतेय."

"तुला आणि धाकधूक?" अप्पा हसले. "चाळीस मीटरवर बसून लोखंडाचे खांब उचलणारी बाई ही!"

झालं, क्रेनपुराण सुरू झालं. नवी बांधकामावर टॉवर क्रेन चालवायची. दोन मुठींत दोन दांड्या, खाली मुंगीएवढी माणसं, आणि सांगितलेल्या खुणेवर बोटभरही न चुकता खांब उतरवायचा. एकदा अप्पा तिचं काम बघायला म्हणून गेले आणि मान मागं टाकून दोन तास रस्त्यावर उभे राहिले. मग आठवडाभर भेटेल त्याला पकडून सांगत सुटले. ताईच्या दंतशाळेला अठरा वर्षं झाली होती. अप्पा एकदाही आले नव्हते. वाट वाकडी करावी लागायची म्हणे.

आई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. "मी नाही येणार," तिनं न विचारताच सांगून टाकलं. "विमानांनी माझे तीस वर्षांचे रविवार खाल्ले. आता उरलेत ते माझे." मग चष्म्यावरून तिनं लेकीकडे पाहिलं. "तुझं काय झालं गं?"

"कुठं काय?"

"नाकाचा शेंडा लाल झालाय. तुझं नाक लहानपणापासून चुगलखोर आहे."

ताईनं नाकावरून हात फिरवला. बोलायला होतंच काय? अप्पा कारखान्यात टर्नर होते, लोखंडाचा केस कातावा असा त्यांचा हात. रविवार मात्र विमानांचा. ती माणसाएवढ्या पंखांची, खऱ्या इंजिनाची, हातातल्या रिमोटवर उडणारी विमानं. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की अप्पा त्या माणसाशी बोलणं टाकायचे. मैदानावर तेलाचा डबा ताईनं उचलायचा, शेपूट ताईनं धरायचं, उतरल्यावर तेलकट पंख ताईनं पुसायचे. रिमोट धाकट्याच्या हातात. धाकट्यानं सात विमानं मातीत घातली. आठवं त्यानंच नको म्हटलं. पुढे अप्पांचे हात थरथरायला लागले आणि सगळंच थांबलं. नऊ वर्षं घरात कुणी विमानाचं नाव काढलं नव्हतं. आणि आता माळा आवरताना या नवीला डब्यात एक जुनं इंजिन सापडतं काय, ती अप्पांच्या शेजारी बसून ते खोलते काय, आणि म्हणते काय, "मला शिकवाल?" बारा वर्षं शेपूट धरलं एकीनं आणि विमान दुसरीला!

जावं की न जावं? पण मागं राहिलं तर दुकानात काय काय झालं ते नवीच्याच तोंडून ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा डोळ्यांनी बघून जळलेलं बरं. धाकटा गाडी काढून थांबला होता. ताई मागं जाऊन बसली.

दुकान लांबट, बोगद्यासारखं होतं. छताला दोऱ्यांनी विमानं टांगलेली, खाली काचेच्या कपाटात चाकं, स्क्रू, डिंकाच्या बाटल्या. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा शोधत होता. नवीनं तो दाखवल्यावर त्याला तिच्याबद्दल आपुलकी वाटली असावी.

"पहिलंच आहे? मग बॅटरीवरचं घ्या," तो म्हणाला. "ना तेल, ना धूर, ना कटकट."

"नको हो," नवी म्हणाली. "सहा दिवस विजेच्या मोटरवरच काम करते मी. रविवारी मला धूर पाहिजे."

अप्पांनी खुशीत टाळीच वाजवली. "ऐकलंत? ग्लो इंजिन काढा. चाळीसच्या मापाचं."

ग्लो इंजिन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल पिणारं, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेवर पेटणारं मुठीएवढं धूड. इंजिनाबद्दल वाद नव्हता. वाद पुढं होता, म्हणजे व्हायला हवा होता. छताला दोन विमानं शेजारी शेजारी लोंबत होती. एक पिवळं. धड पेटीसारखं चौकोनी, आणि पंख धडाच्या वर, डोक्यावर फळी ठेवल्यासारखे. दुसरं लाल. निमुळतं नाक, पंख पोटाखालून बाहेर आलेले, जमिनीवर ठेवलं तरी पळतंय असं वाटावं.

नवी लाल विमानाखाली जाऊन उभी राहिली.

"पहिलंच असेल तर शक्यतो..." दुकानदारानं तोंड उघडलं.

"मला नका शिकवू," अप्पा म्हणाले. "तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून उडवतोय." मग त्यांनीही मान वर केली. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. अप्पांकडे स्वतःचं लाल, खालच्या पंखाचं विमान कधीच नव्हतं. दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायचे. "सूनबाई, आवडलं तुला?"

"आवडलं म्हणजे काय! पण मला जमेल का?"

"तुझा हात बसलेला आहे. तुला काय अवघड?"

नवी क्षणभर घुटमळली आणि वळली ती थेट ताईकडे. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही अप्पांबरोबर मैदानावरच वाढलात. हे घेऊ?"

आता ताईला सगळं ठाऊक होतं. वरच्या पंखाचं विमान झुकलं तरी रिमोटच्या दांड्या सोडल्या की आपलं आपण सरळ होतं. आईचं बोट धरल्यासारखं असतं ते. खालच्या पंखाचं तसं नाही. तुम्ही झुकवलंत की ते झुकलेलंच राहतं, आणि नवशिक्याला काय चुकलं हे कळेपर्यंत ते जमिनीत गेलेलं असतं. सातपैकी पाच विमानं अशीच गेली होती, मित्रांकडून मागून आणलेली. एक तर आईपासून दोन हातांवर पडलं होतं आणि पाण्याच्या पिंपाला आरपार भोक पडलं होतं. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं.

"छान आहे," ताई म्हणाली. "लाल रंग शोभेल तुला."

धाकटा डिंकाच्या बाटल्या बघत होता. त्याची मान झटकन वर आली. नवीनं आनंदानं ताईचा दंड दाबला आणि अप्पांबरोबर दुकानदाराच्या मागं लाल विमानाचं खोकं शोधायला गेली. तेवढ्यात धाकटा ताईजवळ सरकला.

"ताई, तू खोटं का बोललीस?"

"मग तू का नाही खरं बोललास?"

"मी बोललो तर अप्पा सातही विमानं तारीखवार काढतील. इथं, तिच्यासमोर." तो औषधाच्या दुकानात काम करायचा. हळू आवाजात बोलायची त्याला सवय होती. "तुझं ऐकलं असतं त्यांनी."

"माझं? माझं कधी ऐकलंय रे त्यांनी?"

"ताई, ते पडेल."

"पडू दे ना. तुझी पडली, तिचं एक पडू दे. बघू मग किती कौतुक राहतं ते."

बोलली आणि स्वतःचेच शब्द तिला ऐकू आले. धाकटा नुसता बघत राहिला. लहानपणी विमान पडलं की तो असाच बघायचा, पंखांच्या तुकड्यांकडे.

दुकानामागच्या अंगणात लाकडी ठोकळ्यावर नवं इंजिन बसवून दुकानदारानं चालवून दाखवायला घेतलं. पंखा फिरवला, दोनदा फुरफुरलं, तिसऱ्यांदा पेटलं. निळसर धूर आला आणि जळक्या एरंडेलाचा वास. त्या वासाबरोबर ताईला पिंपाला पडलेलं भोक आठवलं. आई त्या दिवशी मैदानावर जन्मात पहिल्यांदा अप्पांवर ओरडली होती. मग पाणी वाहून गेलेल्या चिखलात तशीच बसून राहिली होती.

नवं इंजिन पहिली टाकी ओलं चालवायचं असतं, म्हणजे तेल जास्त, वेग कमी. ते घरघरत होतं आणि तसंच ठीक होतं. अप्पांना कुठला दम निघायला! "मी बघतो," म्हणत त्यांनी सुईला हात घातला. तेल कमीजास्त करायचा तो बारीकसा स्क्रू. बोटं थरथरली आणि सुई नको तेवढी आत फिरली. इंजिनाचा आवाज चढला, चिरकला, कोरड्या घशानं किंचाळल्यासारखा झाला. दुकानदार दुसऱ्या बाजूला होता, मध्ये फिरता पंखा. अप्पा सुई शोधत होते, आणि त्यांची बोटं पंख्याकडे सरकत होती.

ताईनं डाव्या हातानं अप्पांचं मनगट बाजूला केलं, पंख्यामागून उजवा हात घातला आणि सुई बाहेर फिरवली. एक खटका. दोन. अजून अर्धा. चिरका आवाज उतरला आणि इंजिन पुन्हा जाड, ओलं घरघरू लागलं. खात्रीसाठी तिनं तेलाची नळी क्षणभर चिमटीत धरली, आवाज चढताना ऐकला, सोडली. मग हात पुसला.

अप्पा तिच्याकडे बघत होते. "हे कुठं शिकलीस तू?"

"तुमच्या मागं उभी राहून. बारा वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. चौदा वर्षांची असताना रिमोट मागितला होता मी. तुम्ही म्हणालात, तू शेपूट धर."

अप्पांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळावर आठ्या आल्या. "मला आठवत नाही गं," ते म्हणाले. "अजिबात आठवत नाही."

तेव्हा ते नाही का म्हणाले, याची कितीतरी उत्तरं ताईनं मनात रचून ठेवली होती. मुलगी म्हणून नाही म्हटलं, तुला लागेल म्हणून नाही म्हटलं, धाकटा हट्टी होता म्हणून. भांडायला एकेक उत्तर घासूनपुसून तयार होतं. हे त्यांत नव्हतं. ज्या गोष्टीवर तिनं अर्धं आयुष्य घालवलं, ती या माणसाच्या आयुष्यात घडलीच नव्हती. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी एकदम थकवा आला.

दुकानदारानं इंजिन बंद केलं. शांततेत कान वाजत राहिले.

"ते लाल विमान घेऊ नकोस," ताई नवीला म्हणाली.

"का? आत्ता तर तुम्ही छान म्हणालात."

"खोटं बोलले. ते पहिलं विमान नव्हेच. ते चुका माफ करत नाही. पिवळं घे."

"मग मघाशी..." नवी थांबली. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. अप्पांना सोडून तुम्हाला."

"म्हणूनच. ते पडावं असं वाटत होतं मला."

दुकानदाराला एकदम आत काम आठवलं. धाकट्यानं मान खाली घातली. नवीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे बाप-लेकीच्या भांडणात विमान माझं पडणार होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे? अप्पांच्या? माझ्या क्रेनवर कुणी मला असा खोटा इशारा दिला ना ताई, तर मी त्याला पुन्हा साइटवर पाय ठेवू देणार नाही."

"नको देऊस."

"आणि आता खरं सांगितलंत म्हणून काय, पाया पडू तुमच्या?"

अप्पा मध्ये पडले, "अगं, जाऊ दे, लालच घेऊ, मी शिकवीन..." आणि नवी त्यांच्याकडे वळली.

"तुम्हीपण कमाल करता, अप्पा! तुम्हाला हे माहीत नव्हतं का?"

अप्पांनी नातवंडासारखं तोंड केलं. "माहीत होतं. पण लाल होतं ना ते."

आधी धाकटा हसला, मग दाबायचा प्रयत्न करत ताई. नवी हसली नाही. ती दुकानात गेली आणि पिवळं खोकं काढायला सांगितलं. गाडीत बसताना ताईकडे न बघता म्हणाली, "मैदानावर तुम्ही यायचं. शेपूट धरायला नाही. मला राग काढायला समोर माणूस लागतं."

पुढचे तीन रविवार ताई मैदानावर गेली. पहिल्या रविवारी वारा होता, दुसऱ्या रविवारी इंजिन रुसलं. तिसऱ्या रविवारी विमान वर गेलं. दोन रिमोट एका वायरनं जोडलेले, एक शिकणाऱ्याकडे, दुसरा मास्तराकडे. शिकणाऱ्याचं चुकलं की मास्तरानं दाबून धरलेलं बटण सोडायचं आणि विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. मास्तर म्हणून धाकटा उभा राहिला तेव्हा अप्पा कुरकुरले, "सात पाडलेला मास्तर!"

"ज्यानं सात पाडली त्यालाच पडायच्या आधी कळतं," धाकटा म्हणाला. बायकोसमोर त्यानं अप्पांना दिलेलं ते पहिलं उत्तर असावं.

नवीचा हात खरंच बसलेला होता. विमान लांब जाताना ते रुळावरून चालल्यासारखं गेलं. अप्पा तिच्या खांद्यामागून "शाब्बास! शाब्बास!" करत होते आणि ताई प्रत्येक शाब्बास मोजत होती. सगळं बोलून झालं म्हणजे आतलं जळणं थांबतं, हे कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मग विमान वळून समोरून यायला लागलं, आणि तिथं नवी चुकली. क्रेनवर ती वर असायची, ओझं खाली. इथं उजवं डावं झालं, डावं उजवं. विमान तिरपं झालं, धाकट्यानं बटण सोडलं, सावरलं. पुन्हा दिलं. पुन्हा तेच.

"अगं, उजवीकडे! उजवीकडे नाही, तुझ्या डावीकडे!" अप्पा नाचत होते.

तिसऱ्या वेळी नवीनं रिमोट छातीपासून दूर धरला. "ताई, तुम्ही घ्या जरा. माझं डोकं उलटंसुलटं झालंय."

रिमोट हलका होता. इतक्या वर्षांत ताईच्या डोक्यात तो चांगला जड झाला होता. तिनं अंगठे दांड्यांवर ठेवले. दिवसभर मेणाच्या दातांवर केसाएवढ्या रेघा ओढणारे अंगठे. विमान लांब गेलं, डुलत, तिच्या दर चुकीची चुगली करत. तिनं दांड्या थोड्या सैल सोडल्या आणि ते पिवळं, चौकोनी, कुरूप विमान आपलं आपण सरळ झालं. मग तिनं वळवलं. ते समोरून येऊ लागलं, आणि एक पंख खाली झुकला. जिकडचा पंख खाली, तिकडं दांडी. हे वाक्य अप्पा धाकट्यावर हजार वेळा ओरडले होते. शेपूट धरून उभ्या असलेल्या मुलीनं ते हजार वेळा ऐकलं होतं. तिनं खालच्या पंखाकडे दांडी दिली. विमान सरळ झालं आणि घरघरत तिच्या डोक्यावरून निघून गेलं.

धाकट्याचं बोट बटणावर होतं. त्याला ते सोडावं लागलं नाही.

कुणी ओरडलं नाही. ताईला मागं चपलांची चाहूल लागली. अप्पा नवीच्या खांद्यामागून निघून तिच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले होते. ते 'शाब्बास' म्हणाले नाहीत. फक्त विमान वळलं की त्यांचं अंगही तिच्याबरोबर किंचित वळत होतं.

दुसरी फेरी. तिसरी. वळणावर विमान बाजूला गेलं तेव्हा ताईची नजर अर्धा क्षण खाली आली आणि नवीवर पडली. नवी तेलाचा डबा हातात घेऊन उभी होती. विमानाकडे बघत नव्हती. ती ताईच्या मागं उभ्या असलेल्या अप्पांकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

हा चेहरा ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला नवीची कीव आली, अगदी आतून. आणि त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, फार बरंही वाटलं.

"ताई, माझी पाळी," नवी म्हणाली.

"देते गं," ताई म्हणाली. "एकच फेरी अजून."

तिनं आणखी चार मारल्या.